एकहाती चिंच

मी एक जुनी चिंच आहे, मित्रांनो. वय वर्षं चोवीस, आणि उंची बारा इंच. हसलात ना? हसा, मला सवय आहे. माझ्या वयाच्या चिंचा साक्रीच्या रस्त्याला उभ्या आहेत. त्यांच्या सावलीत बैलगाड्या सुटतात आणि पोरं त्यांच्यावर दगड मारतात. मला आजवर कोणी दगड मारलेला नाही. नेम धरायचा तरी कशावर! शिकलेले लोक मला बोन्साय म्हणतात, प्रदर्शनाच्या पत्रकात वामनवृक्ष असं छापतात, आणि धुळ्यात आमच्या पाच नंबरच्या गल्लीत नुसतं 'शिंप्याची चिंच' म्हटलं तरी कोणीही घर दाखवतं.

माझा जन्म मात्र कुंडीतला नाही. कोणीतरी चिंच खाऊन चिंचोका थुंकला, तो पितांबर शिंप्याच्या दुकानामागच्या भिंतीच्या फटीत अडकला, आणि मी उगवले. त्या फटीत चिमूटभर धूळ होती आणि छपराच्या पन्हाळीतून ठिबकेल तेवढं पाणी. आठ वर्षं मी तिथे काढली. वर जायला मिळेना म्हणून मी जागच्या जागी जाड होत गेले. भिंतीत दाबून बसल्यामुळे माझं खोड एका बाजूला थोडं वाकलं, ते आजही वाकलेलं आहे. बघणारे त्याचं कौतुक करतात, मला मात्र ती फट आठवते.

ब्याऐंशी साली भिंतीला गिलावा करायचं ठरलं. चिंधा गवंडी छिन्नी घेऊन आला आणि त्याने ती थेट माझ्या मुळावर टेकवली. तेवढ्यात पितांबर दुकानातून बाहेर आला.

"थांब रे चिंधा," तो आपल्या अहिराणीत म्हणाला, "आठ वरीस भितले धरीसन ऱ्हायनी ती. आशी नको तोडू."

मग दोघांनी अर्धा दिवस घालवून चार विटा काढल्या आणि मला मुळांसकट सोडवलं. गिलाव्याचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. चिंधा कुरकुरत घरी गेला, आणि मी पोचा पडलेल्या एका घमेल्यात बसून पितांबरच्या ओट्यावर आले.

ओट्यावर झुंबरबाई उभी होती. झुंबरबाई म्हणजे पितांबरची बायको. दोघी मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या, त्यामुळे घरात दोघंच. तिने मला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"घरमा चिंच लई उनात? चिंचवर भूत ऱ्हास, माहीत नई का तुमले?"

"इतलुसा झाडवर कितलं मोठं भूत ऱ्हाई?" पितांबर म्हणाला. "मुंगीएवढं!"

झुंबरबाईला हसू आवरलं नाही. हसली तिथेच ती हरली. दुसऱ्या दिवसापासून मला पाणी घालायचं काम तिच्याकडे आलं, आणि ते कधी सुटलं नाही. अजून कधी पाणी द्यायला उशीर झाला की ती मला म्हणते, "तुन्हं भूत तहानेलं व्हई, माय."

आता पितांबरबद्दल सांगते. तेव्हा तो पन्नाशीचा होता. अंगाने काटकुळा, गळ्यात कायम टेप. जेवायला बसतानाही तो टेप काढत नसे, आणि झुंबरबाई म्हणायची की भाकरीचं माप घेऊनच खातात. त्याची एक मोठी काळी कात्री होती. ती फक्त कापडासाठी. कागद, दोरा, पुठ्ठा यांना ती लावायची नाही, धार जाते, असा शिंप्याच्या घरचा नियमच असतो. झुंबरबाईने एकदा त्या कात्रीने कॅलेंडरचं पान कापलं, तर पितांबर दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

माझ्याकडे 'झाड' म्हणून पहिल्यांदा पाहिलं ते लाडकुंवरबाईंनी. कापडवाले दलिचंद शेठ यांच्या त्या पत्नी. सारी गल्ली त्यांना भाभी म्हणायची. त्या ब्लाऊज शिवायला टाकायला आल्या आणि ओट्यावरच थबकल्या.

"पितांबरभाऊ, हे बोन्साय तुमच्याकडे कुठून आलं?"

"भिंतीतून, भाभी," तो म्हणाला.

भाभींच्या गच्चीवर अशी सात-आठ झाडं होती, आणि त्यांच्याजवळ चित्रांचं एक जाड पुस्तक होतं. ते घेऊन त्या दुसऱ्या दिवशी आल्या. त्या दुपारी ओट्यावर माझं पहिलं माप घेतलं गेलं. भाभी सांगत होत्या आणि पितांबर टेप लावत होता. खोड जितकं जाड, त्याच्या सहापट झाडाची उंची शोभते. खालचा एक भाग मोकळा ठेवायचा, पहिली फांदी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यावर हवी. वर जावं तशा फांद्या बारीक आणि आखूड होत गेल्या पाहिजेत. कुंडीची लांबी उंचीच्या दोन तृतीयांश, आणि खोली खोडाच्या जाडीएवढी.

पितांबरने माझ्या बुंध्याला टेप गुंडाळला. घेर सहा, म्हणजे जाडी दोन इंच. सहापट बारा. मग त्याने उंची मोजली. ती बरोबर बारा भरली.

"भाभी, हे तर सदऱ्यासारखंच झालं," तो म्हणाला. "अंगापेक्षा बाही लांब झाली की माणूस उसन्या कपड्यात आल्यासारखा दिसतो. आमची चिंच बेतशीर आहे!"

त्या 'बेतशीर' शब्दाने मी किती फुगले म्हणून सांगू! नंतरचे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तो टेप लावून माझं माप दाखवायचा आणि मी ताठ उभी राहायचे. गर्वाचं घर खाली म्हणतात ते खरं आहे. एका वर्षी मला फुलं आली आणि त्यातून एक चिंच धरली. फांदी छोटी करता येते, पानं तर माझी मुळातच नाजूक, पण फळ काही केल्या छोटं होत नाही. पुरी बोटभर जाडीची, वीतभर लांबीची चिंच माझ्या अंगावर लोंबायला लागली. एखाद्या बाळाने वडिलांचा जोडा घालावा तशी मी दिसत होते. झुंबरबाईने ती तोडून आमटीत टाकली तेव्हा मी सुटले.

आता माझ्या आयुष्यातली मोठी चूक. ती चूक शिंपीच करू शकतो, दुसऱ्या कोणाकडून झाली नसती.

सत्याऐंशी साली शहरातल्या बागप्रेमी मंडळींनी वामनवृक्षांचं प्रदर्शन ठरवलं, दीड वर्षानंतरचं. त्याचं पत्रक भाभींनी नोकराबरोबर धाडून दिलं आणि त्या स्वतः माहेरी मारवाडात गेल्या. तिकडे त्यांची आई आजारी होती, त्यामुळे त्यांचं परतणं लांबत गेलं. पत्रकात झाडांचे आकाराप्रमाणे वर्ग दिले होते. चिमटीचे, तळहाती, एकहाती, दोनहाती, चारहाती.

पितांबरने ते मोठ्याने वाचलं आणि मांडीवर थाप मारली.

"देख व, हाई तर कपडानंच माप शे!"

त्याच्या वडिलांनी कापड हातानेच मोजलं होतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे अठरा इंच. दोन हात म्हणजे एक वार. त्याने टेप माझ्याशेजारी धरला. मी बारा इंच. म्हणजे 'एकहाती' व्हायला सहा इंच कमी!

झुंबरबाई निवडत असलेले गहू बाजूला ठेवून विचार करत बसली. "मंग चारहाती म्हनजे सहा फूट," ती म्हणाली. "तो कसाना वामन?"

"मोठा लोकेस्ना वामन बी मोठा ऱ्हास," पितांबरने तिला उडवून लावलं.

तिथेच ती बरोबर होती, मित्रांनो. पण घरात माप म्हटलं की पितांबरचा शब्द शेवटचा.

मग त्याने मला सिमेंटच्या भल्यामोठ्या कुंडीत लावलं. शेणखत घातलं, निंबोळीची पेंड घातली, आणि माझा शेंडा खुडणं बंद केलं. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. जन्मात पहिल्यांदा पाय पसरायला माती मिळाली होती. मी सपाटून वाढले. दीड वर्षात अठरा इंच झाले, आणि वर नुसता लांबट सोट निघाला. खोडाचा घेर मात्र अर्ध्या इंचानेही वाढला नाही. पण पितांबर रोज टेप लावायचा आणि खूश व्हायचा.

एकोणनव्वदच्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, हातगाडीवर बसून मी प्रदर्शनाला गेले. परीक्षक अभिमन सर होते, शेतीशाळेतून निवृत्त झालेले. पितांबरने मला 'एकहाती'च्या टेबलावर चढवलं, ते हातगाडीवाल्याच्या मदतीने.

"हे झाड या वर्गात कसं?" सरांनी विचारलं.

"एक हात आहे, सर. मोजून अठरा इंच." पितांबरने टेप दाखवला.

सर हसले नाहीत, पण आजूबाजूचे हसले. "पितांबरभाऊ," सर समजावत म्हणाले, "इथे हात लांबीचा नाही. जे झाड कुंडीसकट एका हाताने उचलता येतं ते एकहाती. दोन हात लागले तर दोनहाती. दोन माणसं लागली तर चारहाती." मग त्यांनी माझ्या सोटाकडे पाहिलं. "आणि उंची खोडाला झेपत नाही हो. पूर्वी फार छान असेल हे झाड."

'पूर्वी' हा शब्द मला लागला. पितांबर मात्र सगळ्यांबरोबर हसला. घरी येऊन म्हणाला की पावसाळा लागला की मला कापून पुन्हा बारावर आणायचं.

पण त्याआधी लग्नसराई आली. चैत्र-वैशाखात शिंप्याला मान वर करायला फुरसत नसते. एका सकाळी पितांबर मशीनवरून वाकडा होऊन खाली पडला. अर्धांगवायू झाला होता. वीस दिवसांनी त्याला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तो डावा पाय ओढत चालत होता, आणि डावा हात तर हलतच नव्हता. तो हात आजही चालत नाही.

उजवा हात चांगला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्या हाताने जेवू द्या, कामाला लावा, नाहीतर माणूस पडून राहील आणि तोही हात जाईल. पण पितांबर भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहायचा. पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही. झुंबरबाई घास भरवायची, तो दोन घासांनंतर तोंड फिरवायचा. त्याची बाही दिवसेंदिवस ढगळ होत गेली. मी दारातून सगळं पाहत होते. तिने एकदा हात जोडून विनवलं, तेव्हा तो इतकंच बोलला.

"एक हातना शिंपी कधी देखेल शे का तू?"

ती बाहेर आली, माझ्या कुंडीच्या काठावर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. दुकान आता ती एकटी चालवत होती, साड्यांना फॉल लावून. मला पाणी कधी मिळायचं, कधी नाही. मी रागावले नाही. मला काळजी होती ती पितांबरची.

आषाढ लागला. भाभी मारवाडातून परतल्या होत्या. त्या भेटायला आल्या आणि माझी दशा पाहून म्हणाल्या, "झुंबरबाई, तुम्हाला आता हे ओझं कशाला? मी गच्चीवर नेते. दोन हात लागणारं झाड या घरात कोण उचलणार?"

झुंबरबाईने मान हलवली, हो नाही आणि नाहीही नाही. भाभी गेल्यावर तिने मला कुंडीसकट सरकवत सरकवत आत नेलं, थेट खाटेसमोर. आणि दुकानातून ती मोठी काळी कात्री घेऊन आली.

तिने कात्री उघडली आणि माझ्या खोडाला लावली. माझी पानं शहारली. कात्रीचा आवाज ऐकून पितांबरने इकडे तोंड केलं.

"काय करी ऱ्हायनी तू?"

"चिंच कापस. एक हातमा मावी इतली करस."

"ती कपडानी कातर शे!" पितांबर ओरडला. दोन महिन्यांत त्या घरात इतका मोठा आवाज झाला नव्हता. "ठेव! ठेव खाले!"

"मंग उठा तुम्ही! माले काय समजस, कोठे कापानं ते?"

उजवा हात खाटेवर टेकून तो उठून बसला. धापा टाकत होता, डोळे लाल झाले होते. ती कात्री तिने मुद्दाम आणली होती की घाईत हाताला लागली म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची सोय नाही.

"पहिले टेप लई ये," तो म्हणाला.

टेपचं एक टोक झुंबरबाईने माझ्या मुळाशी दाबलं. दुसरं टोक पितांबरने उजव्या हाताने वर ओढलं. आकडा त्याने स्वतः वाचला. "बारा. बारावरच काप. तिसरी फांदीना वर."

"मी नई," कात्री ठेवून आतून आणलेली करवत त्याच्यापुढे धरत ती म्हणाली. "कापा तुम्ही. मी धरस."

तिने दोन्ही हातांनी मला धरलं आणि त्याने एका हाताने करवत चालवली. मित्रांनो, दुखलं. सहा इंचांचा माझा तो लाडका सोट जमिनीवर पडला. अर्धी मुळंही गेली. वीस दिवस माझ्या अंगावर एक पान नव्हतं. त्या वीस दिवसांत पितांबर रोज सकाळी खाटेवरून उठून माझ्यापर्यंत यायचा आणि खोडावर नख लावून आत हिरवं आहे का पाहायचा. मग तिथेच बसून चहा प्यायचा, स्वतःच्या हाताने. एकविसाव्या दिवशी मी कोंब काढला. त्याने झुंबरबाईला हाक मारली ती समोरच्या घरापर्यंत ऐकू गेली.

आता परातीसारखी उथळ कुंडी हवी होती. पितांबरने माप सांगितलं, आठ इंच लांब, दोन इंच खोल, आणि भिकन कुंभाराने ती भाजून दिली. पुस्तकाप्रमाणे ती अगदी बरोबर होती. पितांबर रोज मला एका हाताने उचलायचा प्रयत्न करू लागला. पहिल्या दिवशी मी जागची हलले नाही. आठवड्याने बोटभर उचलले गेले. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला छातीपर्यंत नेलं, आणि मनगट वळलं. मी फरशीवर पडले. कुंडीचे चार तुकडे झाले आणि माझी एक फांदी मोडली.

पितांबर खाली बसला. "माले जमस नई," तो म्हणाला. "दी टाक भाभीले."

झुंबरबाईने मला ओल्या फडक्यात गुंडाळलं. मग एक खापर उचलून तिने हातावर तोललं. "झाड जड नई शे," ती म्हणाली, "परात जड शे." ती तशीच भिकनकडे गेली आणि कुंडी आणखी पातळ, आणखी उथळ मागितली. "आखो पातळ? मंग पापडच लाटस," भिकन वैतागला. पण त्याने केली. दीड इंच खोलीची, पातळ काठांची. मी तिच्यात बसले. जरा अवघडले, पण बसले.

पहिल्या प्रदर्शनानंतर दोन वर्षांनी, एक्क्याण्णवच्या जानेवारीत, पुन्हा प्रदर्शन भरलं. मी पुन्हा 'एकहाती'च्या टेबलावर होते. अभिमन सरांनी मला खालून वरपर्यंत निरखलं. खोड, फांद्या, उंची, सगळ्यावर त्यांची मान डोलली. मग त्यांनी कुंडीला बोट लावलं.

"पितांबरभाऊ, सगळं बेतशीर आहे. कुंडी तेवढी उथळ झाली. खोडाच्या मानाने अर्धा इंच कमी पडली."

मागून झुंबरबाई पुढे आली. चार लोकांत ती कधी बोलत नसे. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "सर, ते माप झाडनं नई शे. यास्ना हातनं शे."

सरांनी पितांबरच्या लोंबत्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्यांनी वही मिटली. "मग उचला बघू," ते हळूच म्हणाले.

पितांबरने उजवा पंजा माझ्या कुंडीखाली सरकवला. झुंबरबाईचे दोन्ही हात आपोआप पुढे आले होते, माझ्याखाली, पण कुंडीला लागलेले नव्हते. त्याने मला उचललं. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत.

"ठेवा आता, भाऊ," सर म्हणाले.

"ठेवतो, सर," पितांबर म्हणाला. "थोडं थांबा." आणि ठेवलं नाही.

कुंडीचे गुण कापले गेले, बक्षीस भाभींच्या उंबराला मिळालं. ते योग्यच झालं, उंबर छान होता. परतताना रिक्षावाला थांबला, पण पितांबर नको म्हणाला. मला उजव्या हातावर घेऊन, पाय ओढत, दर चार घरांमागे कोणाच्या तरी ओट्यावर टेकत तो चालत राहिला. डावा हात बाजूला लोंबत होता. पाच नंबरच्या गल्लीत शिरताना झुंबरबाईने तो हात आपल्या हातात घेतला. भरदिवसा, सगळी गल्ली ओट्यांवर बसलेली असताना. धुळ्यात नवरा-बायको रस्त्याने असे चालत नाहीत, मित्रांनो. तिने घर येईपर्यंत तो सोडला नाही.

आता पितांबर साठी ओलांडून गेला आहे. शिवणं त्याला पुन्हा जमलं नाही, पण तो खडूने आखणी करतो आणि कापड कापतो, झुंबरबाई कापड ताणून धरते आणि मशीन चालवते. मला रोज सकाळी उन्हात आणि दुपारी सावलीत तोच नेतो. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपत नाही.

तुमच्याही घरात कोणी आजाराने, म्हातारपणाने भिंतीकडे तोंड करून पडलं असेल. त्यांना नुसतं 'आराम करा' म्हणून निघून जाऊ नका. त्यांच्या हातात काहीतरी जिवंत द्या, रोज पाणी मागणारं. फक्त देण्याआधी त्यांचा हात किती पेलतो तेवढं नीट बघा, आणि पेलत नसेल तर परात पातळ करून आणा.